चंडोल ऐकल्याची शेवटची नोंद

आमच्या घरातली पक्ष्यांची वही मी लिहिते, पण त्यातले पक्षी बाबांचे. बाबा अकोल्याला राहतात, मी अमरावतीला, राजापेठेत. माझ्या गल्लीत शिकवणीवर्गांच्या दुचाक्या आणि तारांवरची कबुतरं याखेरीज नोंदवण्यासारखं काही नाही. बाबा मात्र रोज सकाळी गावाबाहेरच्या आमच्या शेतात जातात, तिथे जे भेटेल ते मला कळवतात आणि मी ते वहीत उतरवते. माझ्या लग्नाला तीस वर्षं होत आली. तेव्हापासून ही वाटणी चालू आहे आणि आत्तापर्यंत अकरा वह्या भरल्या आहेत.

मला याद्यांची सवय आहे हे मी लपवत नाही. किराण्याची यादी, पाहुणे येण्याआधीच्या कामांची यादी, प्रवासाची बॅग भरण्याची यादी. ही शेवटची कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली आहे. माझ्या याद्यांचीही कुठेतरी एक यादी असेल असं नवरा चेष्टेने म्हणतो. आहे. दिवाणखान्यातल्या खणात, वरून दुसरी.

पण पक्ष्यांच्या वहीचे रकाने माझे नाहीत, ते बाबांनी आखून दिलेले. तारीख, जागा, पक्षी, आणि चौथा रकाना: पाहिला की ऐकला. बाबा विज्ञानाचे शिक्षक होते आणि त्यांच्या लेखी हा चौथा रकाना बाकी तिघांपेक्षा मोठा. मी सातवीत असताना आंब्यातून आलेल्या नुसत्या आवाजावर ‘कोकीळ, पाहिला’ असं लिहिलं होतं. बाबांनी लाल पेनने ओळ खोडली.

“पाह्यला का तू त्याले?”

“नाई, पण तोच होता.”

“मंग आइकला लिही. जे झालं नाई ते वहीत येत नाई.”

तेव्हापासून मी त्यात कधी गडबड केली नाही. आणि त्यांनी तर नाहीच केली. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

आमचं शेत बार्शीटाकळीच्या रस्त्याला आहे. काळी जमीन, बटईने, म्हणजे अर्ध्या वाट्याने कसायला दिलेली. तिच्या टोकाला दीड एकराचा बरड आहे. बरड म्हणजे मुरमाड, उघडा तुकडा. त्यावर कुसळीच्या गवतापलीकडे काही येत नाही. बटईवाला दर उन्हाळ्यात विचारतो, “सर, जेसीबी लावून सपाट करून घेऊ का? उगीच पडून आहे.” बाबा दर उन्हाळ्यात सांगतात, “तिथं पीक उभं आहे.” बटईवाला बरडाकडे बघतो, मग बाबांकडे बघतो आणि बिडी पेटवतो.

ते पीक म्हणजे चंडोल. चिमणीहून जरासा मोठा, मातीच्या रंगाचा, डोक्यावर एवढासा तुरा. झाडावर सहसा बसत नाही. जमिनीवर तुरुतुरु पळतो, ढेकळावर उभा राहतो, आणि ढेकूळ कुठे संपलं नि पक्षी कुठे सुरू झाला हे पाहुण्यांना बोट करून दाखवावं लागतं. घरटंही जमिनीवर, गवताच्या बुडाशी, बैलाच्या खुराने पडावा तेवढ्या खळग्यात. रूप असं की स्थळ म्हणून कोणी पुढे करणार नाही. पण तो उठतो, चढत चढत आकाशात ठिपका होतो आणि तिथून गाऊ लागतो. त्यातलं निम्मं गाणं उसनं. टिटवी, बुलबुल, कोतवाल, वेडा राघू, आजूबाजूला जो कोणी बोलेल त्याचा आवाज हा उचलतो आणि आपल्या गाण्यात बसवतो. बाबांच्या भाषेत, “वर्गातलं कॉपी करणारं पोट्टं, पण पहिला नंबर.”

मागच्या मार्चमध्ये एका दुपारी आईचा फोन आला. मी कॉलेजच्या कार्यालयात काम करते. परीक्षेचे दिवस होते आणि माझ्यासमोर बैठकव्यवस्थेच्या याद्यांचा ढीग होता. आई असल्या वेळी फोन करत नाही.

“तुया बाबाच्या गाडीची चाबी काढून घे,” आई म्हणाली.

“कावून? काय झालं?”

“काल एक ट्रॅक्टरवाला त्यायच्या मांगं हॉर्न वाजवत आला म्हणे. नाक्यापासून घरापर्यंत. हे आपले मधातून चालले, वरातीतल्या नवरदेवावानी. थो बिचारा घरात येऊन मले सांगून गेला. म्हणे काकू, आज मी होतो, उद्या ट्रक असन.”

“बाबांना ऐकू येत नाई का?”

“मले काय माईत बाई. मायं तर त्यायनं लगन झाल्यापासून आइकलं नाई. फरक कसा समजन?”

हसू आलं, आणि लगेच मी समोरचा ढीग बाजूला सारला. बाबा शहात्तर वर्षांचे. त्यांची जुनी मोपेड, रोज आठ किलोमीटर जाणं, तेवढंच येणं, आणि त्यातला अर्धा रस्ता गिट्टीच्या ट्रकांचा. ती गाडी काढून घेतली तर बरड बंद. बटईवाला मोटरसायकलवर मागे बसवून नेईल, पण बाबा मागे बसणारे नव्हेत. “मी काय गाठोडं आहो का,” हे त्यांनी एकदा मला सुनावलेलं होतं.

बाबा बहिरे होत चाललेत हे आम्हाला आधी का कळलं नाही, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. दोष थोडा वऱ्हाडाचा आहे. आमच्याकडे मार्चपासून जूनपर्यंत घराबाहेर पडणारा प्रत्येक माणूस डोक्यासकट कान दुपट्ट्याने आवळून घेतो, ऊन लागू नये म्हणून. थंडीत त्याच जागी मफलर येतो. वर्षातले सातआठ महिने सगळ्यांचेच कान बांधलेले, म्हणून सगळेच ओरडून बोलतात, आणि उरलेले महिने सवयीने ओरडतात. पुण्याच्या माझ्या जाऊबाईंना पहिल्या खेपेस वाटलं होतं की आमच्या घरात भांडण चाललंय. चहाला किती साखर घालायची एवढाच विषय होता. अशा मुलखात एखाद्याला कमी ऐकू येऊ लागलं तर त्याला स्वतःलाही कळायला वेळ लागतो.

रविवारी मी पहाटेच गाडी काढून अकोल्याला गेले. बाबा ओसरीत पेपर वाचत होते. मी जाताच खुंटीवरची मोपेडची चाबी पर्समध्ये टाकली. मग बोलायला सुरुवात केली. माझी पद्धत ही अशी आहे.

“ट्रॅक्टरचा हॉर्न तुमाले आइकू कसा नाई आला?”

“दुपट्टा होता कानावर.”

“अन् घरी आई तीन-तीन हाका मारते तेव्हा?”

“तेव्हा मी विचार करत असतो.”

आतून आई म्हणाली, “दोन वर्षं झाले विचार करून राह्यले. काही निघालं नाई त्यातून.”

बाबांनी ते ऐकलं नाही. किंवा ऐकलं आणि सोडून दिलं. नेमकं हेच तर कोणाला सांगता येत नव्हतं. कानाच्या डॉक्टरकडे चला म्हटलं तर नाही म्हणाले. मशीनचं नाव काढलं तर पेपरची घडी घातली.

“असं कर,” ते म्हणाले. “बरडावर चाल. मी चंडोल आइकून दाखवतो. त्याच्यापेक्षा बारीक आवाज आहे का कोणता? थो आइकू आला म्हणजे ट्रॅक्टर येतेच.”

“पेपर काढणारे हेच, सोडवणारे हेच,” आई म्हणाली.

तरी मी कबूल झाले. अटी मोठ्याने आणि स्पष्ट सांगितल्या. चंडोल गायला लागला की बाबांनी हात वर करायचा. जमलं तर चाबी त्यांची. नाही जमलं तर मशीन, आणि मशीन येईपर्यंत गाडी बंद. बाबा म्हणाले, “मंजूर.” शिक्षक माणूस, परीक्षा म्हटली की त्यांच्या अंगात हुरूप येतो.

बरडावर ऊन चढायच्या आत पोचलो. पलीकडच्या शेतात बटईवाला पराट्या उपटत होता. कपाशी संपली की तिच्या वाळल्या काड्या काढाव्या लागतात. बाबांनी दुपट्टा सोडून खांद्यावर टाकला, म्हणजे नंतर त्यावर ढकलायला नको. मी त्यांच्यापासून पाच पावलं मागे उभी राहिले. तोंडात एक शब्द नाही.

पहिला चंडोल समोरच्या ढेकळावरून उठला, गात गात वर चढला. बाबांचा हात वर. दुसरा उजवीकडून. हात वर. तिसरा आणि चौथाही. एकदा तर मला नीट ऐकू यायच्या आधी त्यांचा हात गेला. मला स्वतःच्या कानांची शंका आली.

मग बटईवाल्याचं कुत्रं गवतातून आलं. एक चंडोल दचकून उठला, खालच्या खालीच शंभर पावलं गेला आणि बसला. तोंडातून चकार आवाज नाही. बाबांचा हात वर. चेहऱ्यावर समाधान.

“आता पाह्य,” ते म्हणाले. “काय सुरात आहे.”

पाचपैकी चार बरोबर होते. आमच्या कॉलेजात एवढ्यावर विशेष प्रावीण्य मिळतं. आणि दुसरं असं की त्यांचा चेहरा फार खूष होता. मी पर्स उघडली आणि चाबी त्यांच्या हातावर ठेवली. एरवी मी असं करत नाही. एका चुकीची नोंद घेते, कारण विचारते, मग सही करते.

परतीच्या वाटेवर मूर्तिजापूर मागे पडलं. ते कुत्रं डोक्यातून जाईना. घरी पोचले आणि हातपाय न धुता वह्यांचा गठ्ठा काढला.

चंडोलाच्या नोंदी शोधायला वेळ लागला नाही. माझ्या वह्यांना अनुक्रमणिका असते. अकरावी वही: चंडोल, पाहिला. पाहिला. पाहिला. पान उलटलं. पाहिला. दहाव्या वहीचा मागचा अर्धा भाग: पाहिला. ‘चंडोल, ऐकला’ अशी शेवटची नोंद पावणेदोन वर्षांपूर्वीची निघाली. त्याआधीच्या नऊ वह्यांत हा पक्षी दर आठवड्याला ऐकलेला आहे, कधी कधी एका सकाळी तीनदा. मग मी बाकीचे पक्षी बघितले. चंडोलानंतर चार महिन्यांनी शिंपी ऐकायचा थांबला होता. मग सूर्यपक्षी. मग कोतवाल. आवाजाने बारीक ते आधी, ठसठशीत ते नंतर. पारवे आणि भारद्वाज अजून ऐकू येत होते.

हे सगळं माझ्याच अक्षरात होतं. रोज रात्री जेवणाआधी मी ते लिहिलं होतं.

आणखी एक गोष्ट ध्यानात आली ती जास्त लागली. पूर्वी बाबा सकाळी फोन करून पक्षी सांगायचे. दीड वर्षापूर्वी ते मोबाईलवर लिहून पाठवायला लागले. नीट, मुद्देसूद, तारखेसकट. मी त्यांना शाबासकी दिली होती. ‘असंच लिहून पाठवत जा, मला उतरवायला सोपं पडतं.’ त्यांना फोनवर माझं बोलणं कळेनासं झालं होतं आणि मी सोय झाली म्हणून खूष होते.

आणि मी त्यांना पास करून आले होते. उद्या सकाळी ते त्याच रस्त्याने निघणार होते. मी आईला फोन लावला.

“चाबी लपवून ठेव.”

“तू तर देऊन गेली न त्यायले.”

“चूक झाली. लपव.”

“कुठं ठेवू?”

“तांदळाच्या डब्यात.”

“तांदूळ तेच निवडतात.”

“मंग पुरणयंत्रात ठेव. त्याले ते हात लावत नाईत.”

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि दहावी-अकरावी वही घेऊन पुन्हा अकोला गाठलं. बाबा ओसरीत बसले होते. शेतात जायच्या कपड्यांत, दुपट्ट्यासकट. चाबी सापडली नव्हती आणि त्यांनी ती आईला मागितलीही नव्हती. मागितली असती तर कारण विचारावं लागलं असतं.

मी वही उघडून त्यांच्यासमोर ठेवली आणि पानावर बोट ठेवलं. हे बोलणं समोर बसून, चेहरा दाखवून करायचं असं मी ठरवून गेले होते.

“बाबा, चंडोल आइकल्याची शेवटची नोंद काढून द्या.”

त्यांनी चष्मा बदलला. माझ्यावर विश्वास न ठेवता स्वतः पानं उलटली, मागे, आणखी मागे, दहावी वही घेतली. सापडली तेव्हा त्यांनी त्या ओळीवर नखाने बारीक खूण केली, उत्तरपत्रिका तपासल्यासारखी. मग वही मिटली.

“कालचे पाच हात?” मी विचारलं.

“डोळे चांगले आहेत माये. थो उठला का दिसते.”

“अन् मी आइकू आला का विचारलं होतं.”

“हात वर करा म्हटलं तू. केला. वहीत आइकला म्हणून कोणं लिहिलं?”

खरं होतं. मला फसवायला त्यांना काही वाटलं नव्हतं, पण वहीत दोन वर्षांत एकदाही त्यांनी खोटा ‘ऐकला’ पाठवला नव्हता. रागवावं की काय करावं ते मला कळेना. आई चहा घेऊन दारात उभी राहिली होती, ती तशीच राहिली.

“आधी वाटलं पाखरंच कमी झाले,” बाबा सांगू लागले. “म्हटलं फवारणीनं मेले असतील. बटईवाल्याले बोललोही म्या, दोन दिवस भांडलो त्याच्यासंग. मंग एक दिवस थो त्या दगडावर बसला होता, या खांबापासून त्या खांबाइतका लांब. चोच उघडी. गळा हालून राह्यला. तुरा उभा. अन् आवाज नाई. टीव्ही चालू अन् आवाज बंद, तसा. लय वेळ गायला थो. मी पाहत होतो.”

“तेव्हाच कावून नाई सांगितलं?”

“सांगितलं असतं तर गाडी घेतली असती तुमी.”

“घेतलीच असती.”

“मंग?”

आईने चहा समोर ठेवला आणि आयुष्यात प्रथमच त्यांच्या कानाजवळ जाऊन बोलली. “बटईवाल्याची माफी मागा आधी. त्या गरिबावर भलताच आळ.”

दुसऱ्या दिवशी बाबा माझ्यासोबत अमरावतीला आले. राजापेठेत आमच्या घरापासून चार इमारती सोडून कान तपासण्याची एक जागा आहे, वरच्या मजल्यावर, शिकवणीवर्गाच्या शेजारी. तपासणारी मुलगी तिशीच्या आतली, हसरी. तिने बाबांना काचेच्या छोट्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन घातले आणि सांगितलं, आवाज आला की बटन दाबायचं. पहिल्या पाच मिनिटांत बाबांनी प्रत्येक वेळी बटन दाबलं. मुलीने कागदाकडे बघितलं, मशीनकडे बघितलं, मग खोलीच्या काचेकडे. ती उठली आणि बाबांची खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड केलं.

“आजोबा, माझा हात बघून दाबत होते तुमी.”

“आजोबा कोणाले म्हणते ही?” बाबांनी मला विचारलं. बाकी त्यांनी काही नाकारलं नाही.

भिंतीकडे तोंड करून झालेल्या तपासणीचा आलेख निघाला. डावीकडून बरा चाललेला, मग टेकडी उतरावी तसा घसरत गेलेला. मुलीने समजावलं की वयाने वरच्या पट्टीचे आवाज आधी जातात. समोर बसून कोणी बोललं तर आजोबा ओठांवरून बरंचसं सावरून घेतात. मागून आलेला आवाज, वाऱ्यात मिसळलेला आवाज हुकतो. मशीनने पुष्कळ परत येईल, पण पूर्वीसारखं नाही, आणि सवयीला महिना-दोन महिने लागतील.

बाबांनी सगळं लक्ष देऊन ऐकलं, म्हणजे बघितलं. मग विचारलं, “चंडोल येईन का आइकू?”

मुलीला चंडोल माहीत नव्हता. तिने विचारलं, “मोबाईलवर आहे का त्याचा आवाज? लावून बघू.”

नव्हता. अकरा वह्या होत्या, अनुक्रमणिका होत्या, आणि त्या पक्ष्याचा एक सेकंदाचा आवाज मी कधी धरून ठेवलेला नव्हता. बाबा तिला हातांनी दाखवू लागले, तो कसा उठतो, कसा वर जातो. मग स्वतःच शीळ घालून दाखवली. शेजारच्या वर्गातली मुलं दारात येऊन उभी राहिली.

मशीन तयार होऊन मिळालं त्या आठवड्यात बाबांनी खूप कुरकुर केली. पंखा भुणभुणतो. ताटात पापड मोडला की दरड कोसळते. आई भांडी आपटते, आणि पन्नासेक वर्षं आपटत आली असेल तर ते आधीच का सांगितलं नाही. पण काढून ठेवलं नाही. मशीन घालून पुन्हा परीक्षा दिल्याशिवाय पुरणयंत्र उघडायचं नाही अशी मी आईला ताकीद दिली होती आणि ती आईने आनंदाने पाळली.

पुढच्या शनिवारी मी अकोल्याला गेले. बाबा मोपेडवर पुढे निघाले नाहीत. परतताना लागलीच तर असावी म्हणून मोपेड बटईवाल्याने आदल्या दिवशीच शेतात नेऊन ठेवली होती आणि चाबी आईला परत दिली होती; बाबा माझ्या गाडीतून आले. चाबी आता माझ्याकडे. आईही आली. ती बरडावर किती वर्षांनी येत होती देव जाणे. येताना तिने सतरंजी आणि डब्यात चिवडा घेतला होता, जणू निकाल ऐकायला नाही, सहलीला निघालो होतो.

बरडावर पाऊल टाकताच बाबा थांबले. “मांगं कोण चालून राह्यलं?”

“तुमचाच पाय आहे. मुरमावर वाजून राह्यला.”

ते दोन पावलं चालले, थांबले, पुन्हा दोन चालले. वारा सुटला की मशीनमध्ये घरघर व्हायची, रेडिओचं स्टेशन हुकल्यासारखी, आणि ते मान फिरवून वाऱ्याकडे पाठ करायचे. बटईवाला पलीकडून बघत होता. त्याची माफी त्यांनी मागितली होती. त्याला ती नेमकी कशाबद्दल हे अजून कळलेलं नव्हतं.

मग बाबांनी आपण होऊन एक गोष्ट केली. ते बरडाकडे पाठ करून उभे राहिले. तोंड आमच्या सतरंजीकडे, नजर खाली, स्वतःच्या चपलांवर. त्यांची खुर्ची या वेळी कोणाला फिरवावी लागली नाही.

बराच वेळ काही झालं नाही. आईने चिवड्याचा डबा उघडला आणि मी तिच्याकडे बघताच परत लावला. त्यांच्या मागे, पन्नासेक पावलांवर, एक चंडोल उठला. चढला. गाऊ लागला. मी बाबांच्या चेहऱ्याकडे बघत होते आणि तिथे काहीच नव्हतं. तो आणखी वर गेला.

“टिटवी,” बाबा म्हणाले.

मी सगळं रान डोळ्यांखालून घातलं. टिटवी कुठे नव्हती. “बाबा, टिटवी नाई. चंडोल आहे.”

“मले सांगते का? चंडोलच आहे. टिटवीची नक्कल करून राह्यला.”

“मंग टिटवी कावून म्हटलं?”

“त्यानं टिटवी म्हटली, म्या टिटवी आइकली. आता पाह्य, बुलबुल. आता त्याचं सोताचं.” ते थांबले. “आधी टिटवी नव्हती त्याच्याजवळ. नवी शिकला वाटते.”

“नाईतर ह्या दोन वर्षांत तुमी शाळेत गैरहजर होते,” आई म्हणाली.

बाबांनी मान हलवली. ते अजून चपलांकडेच बघत होते. गाणं चालू होतं.

“पहिल्यावानी नाई,” ते मला म्हणाले. “पत्र्याच्या डब्यातून आल्यावानी येते. मधातलं मधातलं हुकते.” मग जरा वेळाने, “पण येऊन राह्यला.”

मी चाबी दिली. या खेपेला विचार करून दिली.

परतताना बाबा मोपेडवर पुढे आणि मागे मी, शेजारी आई. रस्ता मोकळा होता. बाबा पंचविसाच्या वेगाने नेहमीप्रमाणे मधोमध चालले होते, दुपट्टा मानेवर, कान उघडे.

“वाजव,” आई म्हणाली.

मी जरा अंतर ठेवून एकदा हॉर्न दिला. मोपेड लगेच डावीकडे सरकली.

“आपसूक सरकले असतील. आणखी एक डाव वाजव.”

मी पुन्हा वाजवला. बाबांनी गाडी थांबवली, स्टँडवर लावली आणि चालत माझ्या खिडकीशी आले.

“काय आहे? एकदा जागा दिली न? रस्ता केवढा आहे समोर.”

“तपासून राह्यलो होतो बाबा.”

“झालं का तपासून?”

“झालं.”

आई समोरच्या काचेतून सरळ पुढे बघत, तिच्या नेहमीच्या हळू आवाजात पुटपुटली, “पाह्य कसे अंगावर येऊन राह्यले, रस्ता जसा यायच्या बापाचा.”

“आइकलं म्या ते,” बाबा म्हणाले.

आई दचकली. बाबा परत गेले, गाडी सुरू केली आणि या वेळी डाव्या कडेने निघाले. मी गिअर टाकला. आईला मला काहीतरी सांगायचं होतं, पण तिची नजर पुढच्या मोपेडवर होती. दोन वर्षांत ती त्यांच्या पाठीमागे बरंच काही बोलून घेत आली होती.

“काच वर घे आधी,” ती म्हणाली. “मंग सांगतो.”